पडला तरी नाक वर : 'अ शॉट इन द डार्क' आणि इन्स्पेक्टर क्लूझो

कोपरखळी :

'पिंक पँथर' म्हटलं की बहुतेकांना आधी तो लांब शेपटीचा गुलाबी प्राणी आठवतो आणि पाठोपाठ हेन्री मॅन्सिनीची ती चोरपावलांची धून. हा धागा त्या दोघांसाठी नाही. त्याच मालिकेतला दुसरा सिनेमा, १९६४ चा 'अ शॉट इन द डार्क', परवा पुन्हा पाहिला. यात तो प्राणी नाही, पहिल्या भागातला 'पिंक पँथर' नावाचा तो हिरा नाही, ती धूनसुद्धा नाही (मॅन्सिनीने याच्यासाठी वेगळी केली, तीही झकास आहे). आहे तो फक्त इन्स्पेक्टर जाक क्लूझो, म्हणजे पीटर सेलर्स. आणि अख्ख्या मालिकेत हाच सिनेमा सर्वांत भारी, असं माझं मत आहे. वाद घालायला तयार आहे, म्हणून धागा.

पुढे रहस्यभेद आहे. पण या सिनेमात रहस्य कळल्याने तुमचं काही बिघडणार नाही.

तर बालाँ नावाच्या एका गडगंज माणसाच्या हवेलीत रात्री गोळ्या झाडल्या जातात. शोफर ठार. खोली मारिया गाम्ब्रेली या मोलकरणीची, पिस्तूल तिच्याच हातात. खात्यातला कालच भरती झालेला शिपाईसुद्धा चहा प्यायच्या आत खटला निकालात काढेल. पण चुकून तिथे क्लूझोला पाठवलं जातं. तो मारियाकडे एकदा बघतो आणि ठरवतो की ही बाई निर्दोष आहे. कारण? ती सुंदर आहे. बस. मग तो तिला सोडून देतो, पुन्हा एक मुडदा पडतो, पुरावा पुन्हा तिच्याकडेच बोट दाखवतो, आणि हा पुन्हा तिला सोडतो. असं करत सिनेमाभर मुडदे वाढत जातात आणि क्लूझोचा आत्मविश्वासही.

यातली गंमत अशी की शेवटी त्याचंच बरोबर ठरतं! मारियाने खरोखरच काही केलेलं नसतं. सगळे तर्क चुकीचे, निष्कर्ष मात्र बिनचूक. शेरलॉक होम्सपासून एर्क्यूल प्वारोपर्यंत आणि आपल्या बाबूराव अर्नाळकरांच्या झुंजारपर्यंत सगळ्या गुप्तहेरांनी जी बुद्धीची मिजास केली, तिला याहून गोड चिमटा मी पाहिलेला नाही.

आता मुद्दा. क्लूझो सारखा पडतो म्हणून हसू येतं, असं सगळे म्हणतात. मला तसं वाटत नाही. पडणारी माणसं सिनेमात ढिगाने आहेत. हसू येतं ते पडल्यानंतरच्या दोन-तीन सेकंदांत. हवेलीवर पहिल्यांदा येतो तेव्हा हा गाडीतून उतरतो तो थेट कारंज्याच्या हौदात. दुसरा कोणी असता तर ओशाळला असता, चिडला असता, निदान कपडे तरी पिळले असते. हा तसाच निथळत आत जातो आणि चौकशी सुरू करतो. मारिया म्हणते, अशाने न्यूमोनिया होईल. त्यावर तो काय म्हणतो, तर आयुष्य म्हटलं की हे चालायचंच! जणू हौदात पडणं हा तपासाचाच एक भाग होता.

बिलियर्ड्सचा प्रसंग तर शाळेत शिकवावा असा आहे. बालाँ (जॉर्ज सँडर्स, त्याचा चेहरा इस्त्री केलेला) खेळतोय आणि क्लूझो त्याला प्रश्न विचारतोय. हाही काठी उचलतो. ती नेमकी वाकडी निघते, आणि वाकड्या काठीने जे व्हायचं ते होतं : टेबलाचं हिरवं कापड फाटतं. मग काठ्यांचं स्टँड कोसळतं. या सगळ्यात चौकशीचा सूर मात्र एक तसूभरही ढळत नाही. निघताना ऐटीत वळतो आणि दाराऐवजी भिंतीवर आपटतो. आणि मग बालाँला सुनावतो की तुमच्या आर्किटेक्टचीच चौकशी करायला हवी.

चूक भिंतीची आहे! हेच क्लूझोचं सगळं तत्त्वज्ञान. पीटर सेलर्सने हा माणूस विदूषक म्हणून केलाच नाही. त्याने एक अत्यंत गंभीर, कर्तव्यदक्ष, स्वतःच्या प्रतिष्ठेला जपणारा अधिकारी केला, आणि जगच त्याच्या लायकीचं नाही असं दाखवलं. ती मिशीसुद्धा बघा. सेलर्स सांगायचा की ती त्याला काडेपेटीवरच्या कॅप्टन वेबच्या चित्रावरून सुचली. इंग्लिश खाडी पोहून जाणारा तो १८७५ चा मर्दगडी. म्हणजे मिशी पराक्रमी पुरुषाची आणि तिच्या मागे हा गडी.

तुम्हाला क्लूझो का आवडतो? किंवा का आवडत नाही?

बाकरवडी :

हसून हसून पुरेवाट! नुसतं वाचूनच भिंत डोळ्यापुढे आली. माझा आवडता भाग फुगेवाल्याचा. मारियाचा पाठलाग करायला हा फुगेवाला बनतो आणि परवाना नाही म्हणून स्वतःच्याच खात्याकडून पकडला जातो. मग चित्रकार. परत विनापरवाना, परत आत. मग शिकारी. दर वेळी ती पोलिसांची गाडी तोच भोंगा वाजवत पॅरिसच्या रस्त्यांवरून पळताना दिसते. तिसऱ्यांदा तर नुसता भोंगा ऐकूनच मी हसायला लागले होते.

नवऱ्याने सिनेमा पाहिलेला नाही. पहिला भाग बघितल्याशिवाय हा दाखवला तर चालेल का?

जुना_पापी :

बाकरवडीताई, खुशाल दाखवा. दोन्ही सिनेमांचा एकमेकांशी संबंध क्लूझोपुरताच.

धागाकर्त्याने इतिहास गाळला आहे, तो मी भरतो, कारण तो सिनेमाइतकाच विनोदी आहे. पहिल्या 'द पिंक पँथर'मध्ये क्लूझो नायक नव्हताच. नायक होता डेव्हिड निव्हन, साहेबी हिरेचोर. इन्स्पेक्टर म्हणजे ज्याच्या नाकाखालून चोरी होते आणि ज्याची बायकोच चोराला सामील असते, असा बिचारा. ती भूमिका पीटर उस्तिनॉव्ह करणार होता. शूटिंग तोंडावर आलेलं असताना तो बाहेर पडला आणि ऐनवेळी सेलर्सला बोलावलं. सेलर्सने पहिल्याच प्रसंगात फिरत्या पृथ्वीगोलावर हात टेकला, धाडकन पडला, आणि तिथेच सिनेमा निव्हनच्या हातून निसटला.

'अ शॉट इन द डार्क'ची गंमत आणखी पुढची. मुळात हे नाटक. मार्सेल आशार या फ्रेंच नाटककाराचं. हॅरी कर्निट्झने ते इंग्रजीत केलं, ब्रॉडवेवर १९६१ साली आलं, वॉल्टर मॅथाऊला त्यासाठी टोनी पुरस्कार मिळाला, आणि तपास करणारा मॅजिस्ट्रेट होता विल्यम शॅटनर. होय, तोच, 'स्टार ट्रेक'चा कॅप्टन कर्क. नाटकात क्लूझोचा पत्ता नाही. त्यावरचा सिनेमा अनातोल लिटव्हाक करणार होता. सेलर्सचं त्याच्याशी जमेना, म्हणून पहिल्या भागाचा दिग्दर्शक ब्लेक एडवर्ड्सला आणलं. एडवर्ड्सने विल्यम पीटर ब्लॅटीला सोबत घेऊन पटकथा मोडली आणि मधोमध क्लूझो घुसवला. हा ब्लॅटी म्हणजे पुढे 'एक्झॉर्सिस्ट' लिहून जगाची झोप उडवणारा गृहस्थ. अमेरिकेत पहिला भाग १९६४ च्या मार्चमध्ये लागला आणि हा जूनमध्ये.

हे सगळं सांगायचं कारण असं की सिनेमाच्या हाडात नाटक आहे. सुरुवातीचा प्रसंग आठवा. रात्रीची हवेली, बाहेरून दिसणाऱ्या खिडक्या, वर गाणं चाललंय, संवाद एकही नाही. हा त्या खोलीतून निघतो, ती या जिन्यावरून चढते, एक दार मिटलं की दुसरं उघडतं. घरातल्या प्रत्येकाचं दुसऱ्या कुणाशी तरी प्रकरण. ज्यांनी बबन प्रभूंचे फार्स पाहिलेत, 'झोपी गेलेला जागा झाला' किंवा 'दिनूच्या सासूबाई राधाबाई', त्यांना हे गणित सांगावं लागणार नाही. दार अर्धा सेकंद उशिरा उघडलं की हशा गेला. फार्समध्ये पात्रं नसतात, दारं असतात, असं मी नेहमी म्हणतो. एडवर्ड्सने इतकंच केलं की त्या घड्याळासारख्या चालणाऱ्या यंत्रात, दार म्हणजे काय हेच ज्याला कळत नाही, असा एक माणूस सोडला.

निशिगंधा_क :

छान धागा. पण कोपरखळी, तुम्ही खऱ्या नायकाचं नावच घेतलं नाही! क्लूझोचा साहेब, कमिशनर ड्रेफस!

क्लूझोचं पडणं मजेदार आहे, मान्य. पण मला हसू येतं ते ते बघणाऱ्याच्या चेहऱ्याकडे बघून. हर्बर्ट लॉम या सिनेमात पहिल्यांदा ड्रेफस म्हणून येतो. सुरुवातीला कसा नीटनेटका, हुशार, जरा रंगेल अधिकारी आहे. त्याचं म्हणणं शंभर टक्के रास्त असतं : पुरावा मारियाविरुद्ध आहे, क्लूझो मठ्ठ आहे, त्याला या खटल्यावरून काढा. सगळं खरं. आणि त्याच्या खरेपणाचं फळ काय? डोळा फडफडायला लागतो. टेबलावरच्या छोट्या गिलोटिनमध्ये सिगार कापायला जातो आणि स्वतःचा अंगठा कापून घेतो. पत्र फोडायची सुरी स्वतःच्याच अंगात खुपसून घेतो. मानसोपचार करणाऱ्याकडे जाऊन बसतो, तिथेही तोच विषय. क्लूझोसारखे दहा जण मिळाले तर मी जग नष्ट करू शकेन, असं तो म्हणतो ना, ते मला कुठेतरी कोरून ठेवावंसं वाटतं.

क्लूझो या जगात एकटाच असता तर तो फक्त वेंधळा ठरला असता. ड्रेफसमुळे त्या वेंधळेपणाला शोकांतिकेची उंची येते. आपण नोकरी केलेली माणसं आहोत. दर ऑफिसात एक क्लूझो असतो, त्याची बढती कधी अडत नाही आणि त्याच्या चुका निस्तरणाऱ्याची रक्तदाबाची गोळी वाढत जाते. माझ्या एका जुन्या नोकरीतला क्लूझो आठवला की माझा डावा डोळा आजही उडतो. तेव्हा पडद्यावर क्लूझो आला की मी हसते, आणि ड्रेफस आला की मनातल्या मनात त्याच्या पाठीवर हात ठेवते.

आणि शेवटी खरा खुनी कोण बनतं? तोच! क्लूझोला मारायच्या नादात भलत्याच माणसांचे बळी घेत जातो. मारियाला घेऊन क्लूझो एका नाइट क्लबातून दुसऱ्यात जातो, आणि प्रत्येक ठिकाणी त्याच्यासाठीचा वार शेजारच्याला लागतो. त्याला पत्ताही नाही. तो आपला प्रेमात.

अवांतर : लॉम आणि सेलर्स त्याआधी १९५५ च्या 'द लेडीकिलर्स'मध्ये एकाच टोळीत होते. तिथेही एका साध्यासुध्या म्हातारीपुढे अख्खी टोळी गारद होते. लॉमच्या नशिबी निरागस माणसांकडून हरणंच लिहिलं होतं बहुधा.

बाकरवडी :

"डावा डोळा आजही उडतो" :-D :-D निशिगंधाताई, दंडवत.

शेवटचा_बाक :

इतकं कौतुक वाचून काल रात्री लावला. स्पष्ट बोललेलं चालेल का? अर्ध्या तासानंतर मी मोबाइल हातात घेतला.

एक, फार संथ आहे. एकेक विनोद सुरू होऊन संपेपर्यंत मला तो कुठे जाणार ते कळलेलं असतं. वाकडी काठी दिसली की कापड फाटणार हे काय सांगायला हवं? दोन, ती विवस्त्रांच्या वसाहतीची सगळी भानगड. क्लूझो गिटारीने लाज झाकत फिरतोय, पुढे मारियासह तसाच गाडीत बसून पॅरिसच्या ट्रॅफिकमध्ये अडकतो. १९६४ मध्ये चावट वाटलं असेल, आता शाळेतल्या मुलांचा विनोद वाटतो. तीन, आणि हे मला खरंच खटकलं : रहस्यकथा म्हणवता, आणि कोणी कोणाला का मारलं हे शेवटपर्यंत धड कळत नाही. हेरगिरीची टिंगल करायची तर आधी हेरगिरी नीट मांडा की.

काडी टाकायचा हेतू नाही. खरंच समजून घ्यायचं आहे.

कोपरखळी :

काडी कसली, असेच प्रतिसाद हवे होते.

दुसऱ्या मुद्द्यावर बरंचसं सहमत. तो भाग मलाही लांबलेला वाटतो. गिटार विनोदी आहे, तिच्या आधीचं आणि नंतरचं तेवढं नाही.

पहिल्यावर अजिबात नाही. काठी दिसली की कापड फाटणार हे कळतं, तेच तर हवं आहे. आश्चर्यावर चालणारा विनोद वेगळा आणि वाट पाहायला लावणारा वेगळा. एडवर्ड्स लिओ मॅकॅरीला गुरू मानायचा, आणि मॅकॅरी म्हणजे लॉरेल-हार्डीच्या जडणघडणीतला माणूस. (एडवर्ड्सने पुढच्याच वर्षीचा 'द ग्रेट रेस' लॉरेल आणि हार्डी या दोघांना अर्पण केला.) त्या घराण्याची रीतच अशी : विनोद आधी दाखवायचा, मग होऊ द्यायचा, आणि झाला असं वाटलं की त्याच्यावर आणखी एक चढवायचा. कापड फाटणं अपेक्षित आहे. त्यानंतर स्टँड पडणं तितकंसं नाही. आणि भिंतीवर आपटणं कोणाच्या गावीही नसतं, कारण तोवर आपण हसून मोकळे झालेलो असतो.

शिवाय चौकट बघा. कॅमेरामन ख्रिस्तोफर चॅलिस. रुंद पडदा, आणि त्यात माणूस पायापासून डोक्यापर्यंत दिसतो. हल्लीच्या विनोदी सिनेमात माणूस पडायच्या आधीच कॅमेरा तोंडावर येतो आणि पडण्याचं काम संकलक करतो. इथे सेलर्स एकाच तुकड्यात बोलतो, चालतो, अडखळतो, सावरतो, आणि बाजूला उभा असलेला सँडर्सही त्याच चौकटीत न हलता उभा असतो. कुठे बघायचं ते तुम्ही ठरवायचं. मोबाइल हातात असेल तर हे हुकणारच, बाक सोडून पुढे या!

तिसऱ्या मुद्द्याचं उत्तर जुना_पापी देतील.

जुना_पापी :

देतो. शेवटच्या प्रसंगात काय होतं? क्लूझो प्वारोसारखं सगळ्यांना दिवाणखान्यात गोळा करतो. साहाय्यक एर्क्यूलशी (हा प्वारो नव्हे, क्लूझोच्या हाताखालचा) घड्याळं जुळवून ठेवलेली आहेत, अमुक वाजता दिवे जायचे. हा गोल गोल फिरत आरोप करत सुटतो. आणि तेवढ्यात घरची मंडळी एकमेकांवर तुटून पडतात. सगळे एकाच वेळी ओरडून एकमेकांची पापं सांगायला लागतात. म्हणजे रहस्याचा उलगडा होतो, पूर्ण होतो, पण इतक्या गोंगाटात की एक अक्षर ऐकू येत नाही! मारिया सोडून सगळेच कशात ना कशात अडकलेले. दिवे जातात, मंडळी पळतात, नेमकी क्लूझोची गाडी पकडतात, आणि त्या गाडीत ड्रेफसने क्लूझोसाठी बॉम्ब ठेवलेला असतो.

आरोपी संपले, खटला संपला. न्यायाधीशाची गरज नाही. रहस्यकथेचा शेवटचा अंक म्हणजे हुशार माणसाचं व्याख्यान. इथे ते व्याख्यान कुणी ऐकूनच घेत नाही. शेवटचा_बाक, तुम्ही याला उणीव म्हणता, मी त्याला सिनेमातला सर्वांत धाडसी विनोद म्हणतो.

पडवळ :

वाचनखूण साठवली. उशिरा येतोय, पण हेर आणि धडपड एकत्र म्हटल्यावर बस्टर कीटनच्या १९२४ च्या 'शेरलॉक ज्युनियर'चं नाव न घेता धागा कसा चालू शकतो?

पाऊण तासाचा मूकपट. नायक सिनेमागृहात प्रोजेक्टर चालवतो आणि फावल्या वेळात 'गुप्तहेर कसे व्हावे' छापाचं पुस्तक वाचतो. प्रेयसीच्या घरी घड्याळ चोरीला जातं आणि आळ याच्यावर येतो. मग हा पुस्तकातल्या सूचनेप्रमाणे संशयिताचा पाठलाग करतो, इतक्या जवळून की पुढच्याचं पाऊल उचललं की याचं तिथे पडतं. पुढे प्रोजेक्टरजवळ झोप लागते, स्वप्नात हा उठून समोरच्या पडद्यातच शिरतो, आणि मागचं दृश्य बदलत राहतं. बाकावर बसायला जावं तर बाक गायब आणि रस्ता हजर. खडकावरून समुद्रात उडी मारावी तर बर्फात डोकं. संगणकाच्या शंभर पावलं आधी, कॅमेऱ्यापासूनची अंतरं अक्षरशः मोजून हे चित्रित केलं आहे.

याच शूटिंगमध्ये रेल्वेच्या पाण्याच्या टाकीचा लोट अंगावर येऊन कीटन रुळावर आपटला. मान मोडली होती हे त्याला कित्येक वर्षांनी एक्स-रेत कळलं. तोवर गडी काम करत होता.

आता तुमच्या मुद्द्याला जोडून. बिलियर्ड्स इथेही आहे. एका चेंडूत, तेरा नंबरच्या, स्फोटकं भरलेली आहेत आणि कीटन तो सोडून बाकी सगळे चेंडू सफाईने टिपत जातो. चाळीस वर्षांनी क्लूझो त्याच टेबलाचं कापड फाडतो. दोघांच्याही चेहऱ्यावरची रेषा हलत नाही, पण कारण वेगळं. कीटनचं शरीर असामान्य आहे, म्हणून तो वाचतो. क्लूझो तुमच्या-माझ्यासारखाच गबाळा, फक्त स्वतःला कीटन समजतो. मला विचाराल तर कीटनचं पारडं जड. त्याच्याकडे बघताना हसू आणि श्वास दोन्ही अडकतात.

आणि तिथेही खटला हेर सोडवत नाही बरं का. हा झोपलेला असताना ती मुलगी सरळ गहाणवटीच्या दुकानात जाऊन विचारून येते की घड्याळ कोणी आणून ठेवलं. पाच मिनिटांचं काम.

निशिगंधा_क :

पडवळ, ती मुलगी माझी आवडती हेर. तिच्यावर कुणी सिनेमा काढला नाही!

अटलांटाकर :

रंगात आलेल्या धाग्यात मीठ टाकतो, राग नसावा.

क्लूझो मलाही आवडतो. पण केटोचं काय? 'अ शॉट इन द डार्क'मध्येच तो पहिल्यांदा येतो. घरचा नोकर, मालक सावध राहावा म्हणून कधीही अंगावर झेप घ्यायची नोकरी. कल्पना भन्नाट आहे. घरात तुंबळ मारामारी चाललेली असताना फोन वाजतो, केटो अदबीने उचलतो आणि क्लूझोसाहेबांचं निवासस्थान म्हणून उत्तर देतो, तेव्हा मीही फुटतो. बर्ट क्वोकचं टायमिंग सेलर्सच्या तोडीचं आहे. पण पुढच्या भागांत क्लूझो त्याच्या कातडीच्या रंगावरून जे बोलतो ते आता ऐकवत नाही. क्वोक हा जन्माने इंग्लंडचा, वॉरिंग्टनचा, वाढला शांघायमध्ये. त्याच्या वाट्याला इंग्रजी सिनेमात बहुतेक असलीच कामं आली.

आणि मग 'द पार्टी', १९६८. तोच दिग्दर्शक, तोच नट. सेलर्स तोंडाला तपकिरी रंग फासून हृंदी बक्षी नावाचा भारतीय नट होतो. अर्धा सिनेमा मला प्रचंड आवडतो. माणूस कसा चुकीच्या घरात पाहुणा असतो हे परदेशात राहिलेल्याला चांगलंच कळतं. पण 'सिम्पसन्स' या अमेरिकी कार्टून मालिकेतल्या अपू या भारतीय दुकानदाराचा आवाज काढणाऱ्या हँक अझारियाने सांगून ठेवलंय की त्याला तो आवाज सेलर्सच्या याच भूमिकेवरून सुचला. आणि इथे अमेरिकेत वाढलेल्या आपल्या मुलांना शाळेत त्या आवाजात चिडवलं गेलं आहे. माझ्या घरातही तो आवाज ऐकून आलेलं मूल आहे. तेव्हा हसताना मध्येच थांबायला होतं, इतकंच.

कोपरखळी :

राग कसला. रास्त आहे. माझ्या डोक्यात फरक असा आहे : क्लूझो स्वतःच्या मोठेपणाच्या भ्रमामुळे पडतो, तो फ्रेंच आहे म्हणून नाही. बक्षीच्या बाबतीत मात्र तो भारतीय आहे हाच अर्धा विनोद आहे. दुसरा अर्धा, म्हणजे पाहुण्यांमधला त्याचा भाबडेपणा, खराखुरा आहे, म्हणूनच तो सिनेमा धड टाकताही येत नाही. सत्यजित राय यांच्या न झालेल्या 'द एलियन'मध्ये सेलर्स मारवाडी व्यापारी करणार होता, नंतर त्याने अंग काढून घेतलं. रायबाबूंच्या हाताखाली त्याने काय केलं असतं, हा विचार मला छळतो.

ठाणेकर_२ :

पॉपकॉर्न घेऊन वाचत होतो, आता राहवलं नाही. १९७६ च्या 'द पिंक पँथर स्ट्राइक्स अगेन'ला कोणीच विचारत नाही? ड्रेफस वेड्यांच्या इस्पितळातून पळतो, जगबुडीचं यंत्र बनवतो आणि संयुक्त राष्ट्रांची इमारत गायब करतो, कशासाठी? तर क्लूझोला मारा म्हणून! म्युनिकच्या ऑक्टोबरफेस्टमध्ये देशोदेशीचे मारेकरी एकमेकांनाच संपवतात. क्लूझो हॉटेलवाल्याला विचारतो, तुमचा कुत्रा चावतो का? नाही म्हटल्यावर हात पुढे करतो, कुत्रा चावतो. त्यावर हॉटेलवाला थंडपणे : हा माझा कुत्रा नाही. पियानोचा तर भुगाच होतो. अमूल्य स्टाइनवे आहे हो, म्हणून बाई कळवळते, आणि हा म्हणतो, आता नाही.

'शॉट इन द डार्क' सुबक आहे, मान्य. पण पोट धरून हसायला मी हाच लावतो.

बाकी नवख्यांसाठी : १९६८ चा 'इन्स्पेक्टर क्लूझो' पाहू नका. त्यात सेलर्सही नाही आणि एडवर्ड्सही नाही. अॅलन आर्किन गुणी नट, पण क्लूझो नव्हे. १९८२ चा 'ट्रेल ऑफ द पिंक पँथर' तर पाहूच नका. सेलर्स १९८० च्या जुलैमध्ये गेला, आणि आधीच्या सिनेमांत न वापरलेले तुकडे जोडून हा उभा केला. त्याच्या बायकोने कोर्टात खेचलं आणि ती जिंकली.

जुना_पापी :

ठाणेकर, ७६ चा धमाल आहे, पण त्यात क्लूझोचा उच्चार आणि वेषांतर दोन्ही इतकं वाढवलंय की तो माणूस राहत नाही. ६४ चा क्लूझो खरा पोलीस वाटतो. खोटा हेर हसवतो खरा, पण खरा अधिकारी हसवतो तेव्हा भीतीही वाटते. त्याच वर्षी जानेवारीत सेलर्सचा 'डॉक्टर स्ट्रेंजलव्ह' लागला होता, तीन भूमिका. अधिकारपदावरचा मूर्ख हा त्याचा तेव्हाचा रियाजच होता म्हणा ना.

शेवटचा_बाक :

बरं, मोबाइल दुसऱ्या खोलीत ठेवून परत पाहिला. संथ वाटायचा तो वाटलाच. पण बिलियर्ड्सच्या वेळी मी मुद्दाम फक्त जॉर्ज सँडर्सकडे बघत बसलो आणि चक्क मोठ्याने हसलो. विवस्त्र वसाहत पुढे ढकलली. कीटन उद्या लावतो.

बाकरवडी :

नवऱ्याला दाखवला. क्लूझोचं त्याला विशेष काही वाटलं नाही, ड्रेफसचा अंगठा कापला गेला तेव्हा मात्र खुर्चीवरून घसरला. तो शाळेत मुख्याध्यापक आहे. निशिगंधाताई, तुमच्या पक्षात एक मत जमा करा.

ठाणेकर, तो कुत्र्यावाला सिनेमा कुठे मिळेल?